चौथी तार

आमच्या जालन्यात सळई होते.
आठ एमएम, बारा एमएम, मागाल ती.
रात्रपाळीला मी चिमटा घेऊन उभा असतो
आणि ती लाल होऊन पळते रोलरमधून
धामण पळावी तशी.
पण बेसची तार इथं होत नाही.
ती औरंगाबादचा दुकानदार मागवतो, त्याला पुण्याचा पाठवतो,
पाकीट हाती पडेस्तोवर
एप्रिलच्या सुपाऱ्या वाजवून झालेल्या असतात.

म्हणून उकळायच्या.
तार मेली, ठस्स वाजायला लागली
की सोडवायची, वेटोळं करायचं
आणि भाताच्या पातेल्यात दहा मिनिटं.
पाणी काळं होतं.
घाम, गंज, बोटांची कातडी,
कुण्या लग्नातल्या रश्श्याचं तेल.
बायको म्हणते, हे पातेलं आता तुमच्या पार्टीलाच देऊन टाका.
पुसून चढवली की तीन दिवस
सणसणीत बोलते,
चौथ्या दिवशी पुन्हा ठस्स.

शमुवेलकाका हसायचे.
त्यांच्या तारा सपाट पट्टीच्या,
वरून बोट फिरवा, काच.
एकोणीस वर्षं त्याच.
माझ्या गोल गुंडाळीच्या, स्टीलच्या, कानशीसारख्या;
बोट सरकलं की चिर्र करतात.
"तुझी तार आधी सोताचं नाव सांगती,
सूर मागून येतो," म्हणायचे.
मी म्हणायचो, काका, तुमची गोधडीत गुंडाळल्यावाणी वाजते,
जयंतीच्या मिरवणुकीत ढोलापुढं
ऐकू तरी येईल का?
"ऐकू कामून यायला पाह्यजे?
मला बंद कर अन् मंग ऐक,
पेटी कशी उघडी पडती ते."

खरं होतं ते.
रविवारी देवळात त्यांचा बेस कुणी ऐकत नसे.
सगळे त्याच्यावर उभे राहून गायचे,
फरशीवर उभं राहावं तसे.

मागच्या थंडीत त्यांचा डावा हात गेला.
बोटं आहेत, पण फ्रेटला लागत नाहीत.
बेस माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले,
"तारा तेवढ्या ऱ्हाऊ दे."

मी ऐकलं नाही.
नवा संच होता घरात, उकळलेला नव्हे, कोरा,
एकदा तरी मोठ्या लाकडावर लावून बघावा वाटलं.
लावला. वाजवला.
झळझळीत. खणखणीत.
कुणाचाही बेस.
तासभर वाजवत बसलो,
आणि कादराबादच्या त्या खोलीत
एकदासुद्धा काका आले नाहीत.

मग उलटं काम.
नव्या काढल्या, जुन्या चढवायला घेतल्या.
पहिली बसली. दुसरी बसली. तिसरीनं जरा कुरकूर केली.
चौथी, सगळ्यात जाड,
जिची मला काळजीच नव्हती,
खुंटीला दुसऱ्यांदा वाकताना
तट्.
आवाजही सुरात आला नाही.

मी सळईतला माणूस.
मला कळायला हवं होतं:
एकदा जिथं वाकलं
तिथंच परत वाकवलं
की लोखंड आपला हिशोब मांडतं.

आता तीन तारा त्यांच्या आहेत
आणि चौथी माझ्या संचातली.
वरच्या तिन्हींवर फिरलो
तर शेणानं सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालल्यासारखं.
खाली उतरलो की पायाखाली पत्रा.
तिथं बोट हलकं ठेवतो,
पुलाजवळ स्पंजचा तुकडा खोचलाय,
टोनचं बटण पार मिटवलंय.
लपत नाही.

रविवारी शेवटच्या गीताचा शेवटचा शब्द
नेमका खालच्या मोकळ्या सुरावर येतो.
आला.
काका दुसऱ्या बाकावर, चादर गुंडाळून,
उजव्या पायानं ताल धरून बसलेले.
पाय थांबला.
एक मात्रा.

मग पुन्हा चालू झाला,
जरासा जोरात.